गरोदरपणातील आणि बाळंतपणानंतरचे गंभीर यकृतविकार (ग्रामीण विदर्भ)

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात यकृत (लिव्हर) बिघडून आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेतणारे आजार. हेल्प सिंड्रोम, गरोदरपणातील तीव्र मेदयकृत (यकृतात चरबी साठणे) आणि हिपॅटायटिस-ई (विषाणूमुळे होणारी कावीळ) हे त्यांतले प्रमुख.

हेल्पमध्ये तांबड्या पेशी फुटतात, यकृताची एन्झाइम्स वाढतात, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घटतात. डॉक्टर लुई वाइनस्टाइन यांनी १९८२ मध्ये याच बिघाडांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला हे नाव (HELLP) दिले. बहुतेकींचा रक्तदाब वाढलेला असतो, पण सगळ्यांचा नाही. उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खळग्यात दुखते, उलट्या होतात. घरचे म्हणतात, ‘पित्त झालं असन’, आणि दुकानातून ॲसिडिटीची गोळी येते. खरा घात इथेच होतो, कारण सगळे डोळे पिवळे होण्याची वाट पाहतात आणि हेल्पमध्ये ते थोड्याच जणींचे होतात. सातव्या महिन्यानंतर असे दुखले, तर त्याच दिवशी रक्तदाब, लघवीतले प्रथिन आणि प्लेटलेट्स तपासायलाच हव्यात. सुमारे ३० टक्के हेल्प बाळंतपणानंतर, बहुधा ४८ तासांत, उद्भवतो. म्हणून घरी जायची घाई नको.

मेदयकृत क्वचितच आढळते. त्यात रक्तातली साखर घसरते, बाई गुंगीत जाते. हिपॅटायटिस-ई दूषित पाण्यातून येतो. शेवटच्या तिमाहीत तो फार घातक ठरतो. कावीळ उतरवायला माळ घालण्यात गेलेला दिवस इथे परवडत नाही.

विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यातही पोट दुखते, डोळे पिवळे होतात, त्यामुळे निदान चुकू शकते. जुना सिकलसेल अहवाल सोबत न्यावा.

हेल्प आणि मेदयकृतावर मुख्य उपाय बाळंतपण हाच. रक्तदाब वाढून झटके (फिट) येण्याचा धोका असल्यास रवाना करण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, उपकेंद्रातही देता येतो. प्रयोगशाळा नसेल तर कोरड्या काचेच्या नळीत २ मिलि रक्त घेऊन मुठीत धरतात. ७ मिनिटांत ते गोठले नाही, तर रक्तस्रावाचा मोठा धोका समजावा. मेळघाटातून १०८ ला घाट उतरून अमरावती गाठावी लागते, म्हणून रक्तगट आणि रक्ताची गरज आधीच फोनवर कळवावी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११) सरकारी दवाखान्यात रक्त आणि वाहन मोफत आहे. पहिलटकरीण बहुधा माहेरी येते. सासरच्या गावचे तपासणीकार्ड माहेरच्या आशाताईला दाखवावे, त्यावरचे आधीचे रक्तदाबाचे आकडे डॉक्टरांना लागतात.