'जायरोजेट' पिस्तूल खरंच दडपलं गेलं का?

१९६०च्या दशकात अमेरिकेत निघालेलं रॉकेट-गोळीचं 'जायरोजेट' पिस्तूल इतकं घातक होतं की ते मुद्दाम दडपलं गेलं, असं सांगतात. रॉकेट म्हटल्यावर तसं वाटणं साहजिक आहे.

पण दिवाळीत बाटलीतून सुटणारं रॉकेट आठवा: आधी संथ, वेग नंतर. या १३ मिमी गोळीचंही तेच. साधी गोळी नळीतच वेग घेते. ही नळीबाहेर पडताना मंद असायची, जोर पुढे जाऊन धरायची. म्हणजे पिस्तूल जिथे उपयोगी पडतं, त्या जवळच्या अंतरावरच ती दुबळी. शाळेतलं गतिज ऊर्जेचं सूत्र लावून पाहा: वेग निम्मा, तर ऊर्जा पाव.

शिवाय नेम बेभरवशाचा, गोळ्या महाग. कल्पना झकास होती, गिऱ्हाईक मात्र फिरकलं नाही आणि उत्पादन थांबलं.