रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन (कंबरदुखीवरील उपचार)

कण्याच्या लहान सांध्यांकडून वेदनेची जाणीव वाहून नेणारी बारीक तंत्रिका उष्णतेने निकामी करण्याची, सुईवाटे होणारी प्रक्रिया. लगतचे मणके मागील बाजूस डाव्या-उजव्या ‘फॅसेट’ सांध्यांनी जोडलेले असतात. हे सांधे झिजल्यामुळे जडलेली कंबरदुखी औषधे आणि व्यायाम करूनही काही महिने हटली नाही, तर या उपचाराचा विचार केला जातो.

पुण्यातील दवाखान्यांत ‘नस दबली आहे’ हे वाक्य इतके रुळले आहे, की ‘नस जाळायची’ म्हटल्यावर पाय लुळा पडेल, अशी धास्ती रुग्ण घेतो. वस्तुतः दबते ती पायाकडे जाणारी जाड नस वेगळी. येथे जाळतात ती सांध्याला आणि मल्टिफिडस या पाठीच्या स्नायूला जाणारी दोऱ्यासारखी शाखा. म्हणूनच गादी सरकून पायात कळ उतरणाऱ्या सायटिकावर हा इलाज नव्हे.

खरे कौशल्य जाळण्यापेक्षा निवडीत आहे. प्रत्येक सांध्याला दोन शाखा येतात; कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील सांध्यासाठी तिसऱ्या आणि चौथ्या पातळीवरच्या शाखा गाठाव्या लागतात. प्रथम तेथे थोडे बधिरतेचे औषध टोचून, एरवी दुखणारी हालचाल, मग ते वाकणे असो वा दुचाकी मधल्या स्टँडवर चढवणे, रुग्णाला करून पाहायला सांगतात. त्या काही तासांत दुखणे निम्म्याहून अधिक उतरले, तरच पुढे जाणे योग्य. एमआरआयमधील झीज एवढ्यावरून निर्णय होत नाही.

मुख्य प्रक्रियेत रुग्णाला पालथे झोपवून सी-आर्म क्ष-किरण यंत्राखाली सुई तंत्रिकेलगत नेतात. ५० हर्ट्झच्या विद्युतप्रवाहाने कमरेत ओळखीची संवेदना उठावी, २ हर्ट्झने मात्र पाय उडू नये. तो उडाल्यास सुई हलवावी लागते. त्यामुळे रुग्णाला पूर्ण भूल सहसा देत नाहीत. नंतर जागा बधिर करून सुमारे ८०° सेल्सियस उष्णता ६० ते ९० सेकंद देतात. सुरुवातीस काही दिवस आग होणे किंवा कातडी बधिर वाटणे संभवते. तंत्रिका पुन्हा वाढत असल्याने आराम साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो; प्रक्रिया पुन्हा करता येते.

अमेरिकन शल्यविशारद नॉर्मन शीली यांनी १९७०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. पुढे ऑस्ट्रेलियन संशोधक निकोलाय बोगडुक यांच्या शरीररचनेच्या अभ्यासातून आरंभीच्या सुया चुकीच्या जागी पडत होत्या, असे दिसून आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचण्यांत व्यायामाला या उपचाराची जोड देऊनही लक्षणीय अधिक फायदा आढळला नाही. त्यावर टीकाकारांचा आक्षेप असा, की तेथे रुग्ण एकाच बधिरता-चाचणीवर निवडले गेले होते.