न बोलता एकत्र बसण्याची जुनी रीत : पार्श्वभूमी

पहाटे किंवा संध्याकाळी पाच-दहा माणसं एखाद्या झाडाखाली जमतात. अर्धा-पाऊण तास कुणी काही बोलत नाही. मग उठून थोडं चालतात आणि आपापल्या घरी जातात. पहिल्यांदाच आलेला माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो : शांतता हवी तर एकट्यानं जावं ना, इतक्या जणांनी मिळून गप्प कशाला बसायचं?

प्रश्न रास्त आहे आणि फार जुनाही आहे. मनाच्या शांतीसाठी ज्यांनी ज्यांनी वस्ती सोडली, त्यांच्यापैकी बहुतेकांना रानात पोहोचल्यावर हाच पेच पडला. एकांत किती ठेवायचा आणि सोबत किती? जेवण, पाणी, आजारपण याचं काय? बोलायचं कधी? निसर्गात जाऊन शांत होण्याचा इतिहास आपण एकट्या तपस्व्यांच्या गोष्टींतून ऐकलेला असतो. प्रत्यक्षात तो या छोट्या छोट्या व्यवस्थांचा इतिहास आहे, आणि मला तोच भाग जास्त मोलाचा वाटतो.

सुरुवात आपल्याच शब्दांपासून करता येते. वेदवाङ्मयाच्या एका भागाचं नावच आरण्यकं, म्हणजे वस्तीपासून दूर, अरण्यात अभ्यासायचे ग्रंथ. त्यांना जोडून येतात ती उपनिषदं. या शब्दाची रूढ फोड ‘जवळ खाली बसणं’ अशी आहे. म्हणजे अरण्यात जायचं आणि तिथे कुणाच्या तरी जवळ बसायचं. बृहदारण्यकातला याज्ञवल्क्य घर सोडून निघतो, तेव्हा त्याचा सगळ्यात खोल संवाद होतो तो मैत्रेयीशी, निघण्याआधी, घरातच.

ही व्यवस्था अगदी जवळून दिसते ती बौद्धांच्या पाली ग्रंथांत. मज्झिम निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या संग्रहात गोसिंग सालवनातला एक प्रसंग आहे. अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तीन भिक्षू त्या रानात राहत असतात. बुद्ध त्यांना भेटायला येतात आणि विचारतात, तुम्ही गुण्यागोविंदानं राहता ना, दूध-पाणी एक व्हावं तसे? उत्तरात अनुरुद्ध तत्त्वज्ञान सांगत नाहीत, दिनक्रम सांगतात. भिक्षेहून जो आधी परततो तो आसनं मांडतो, पिण्याचं आणि पाय धुण्याचं पाणी ठेवतो. जो शेवटी येतो तो सगळं आवरून झाडून घेतो. पाण्याचा घडा रिकामा झालेला ज्याच्या नजरेस पडेल तो भरून ठेवतो. घडा एकट्याला उचलेनासा झाला तर हातानं खूण करून दुसऱ्याला बोलावतो आणि दोघं मिळून तो हलवतात. एवढ्यासाठीसुद्धा मौन मोडत नाहीत. आणि दर पाचव्या रात्री तिघं एकत्र बसून रात्रभर धम्मचर्चा करतात.

घड्याचा तो तपशील माझ्या मनातून कधी गेला नाही. खूण झाली, दुसरा आला, दोघांचे हात घड्याखाली गेले. एक शब्द नाही.

आता यातली गंमत पाहा. भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ म्हणजे विनयपिटक. त्यातल्या महावग्ग या भागात जवळजवळ हीच गोष्ट पुन्हा येते. कोसल देशात काही भिक्षू पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहतात. भांडणं नकोत म्हणून ठरवतात की कुणी कुणाशी बोलायचंच नाही. तीच आसनं, तोच घडा, तीच हाताची खूण. हा वर्षावास संपल्यावर ते बुद्धांकडे येऊन सांगतात, आमचे दिवस सुखात गेले. बुद्ध मात्र त्यांची कानउघाडणी करतात. हे तर जनावरांनी एका गोठ्यात राहावं तसं राहणं झालं, असं त्यांचं म्हणणं. मुकं राहण्याचं व्रत ते मना करतात.

मग गोसिंगवनात ज्याचं कौतुक झालं त्याचीच कोसलात कानउघाडणी का? फरक शोधायला लांब जावं लागत नाही. पाचवी रात्र. तिथल्या मौनाच्या टोकाला बोलणं होतं. इथलं मौन एकमेकांना टाळण्यासाठी होतं. शांत बसणाऱ्या कुठल्याही गटानं स्वतःला तपासायला याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

त्या प्रसंगानंतर पवारणेचा नियम आला. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्षूनं संघासमोर हात जोडून म्हणायचं : माझ्या वागण्यात काही चुकीचं पाहिलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल, तर दया करून सांगा. तीन महिने सोबत गप्प राहिल्यावर हे विचारायला धैर्य लागतं. ऐकणाऱ्यालाही लागतं.

वर्षावासाचं मूळही लक्षात घेण्यासारखं आहे. पावसाळ्यात भिक्षू हिंडतात आणि कोवळं गवत, बारीक जीव पायाखाली तुडवतात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून चालणं थांबलं. मनःशांतीसाठी निसर्गात जाण्याची ही पद्धत घडली ती निसर्गाला आपल्यापासून जपायचं म्हणूनही. मुक्कामाची गरज वाढत गेली तसे डोंगरांत विहार कोरले गेले. कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. बाहेर पाण्याची पोढी, म्हणजे खडकात खोदलेलं टाकं, आत एकट्यापुरती खोली आणि झोपायला दगडी ओटा, आणि सगळ्यांना सामावणारं मोठं चैत्यगृह वेगळं. ‘एकांत किती, सोबत किती’ याचं उत्तर तिथे दगडात मोजून ठेवलं आहे.

तिकडे इजिप्तच्या वाळवंटात हेच मोजमाप पावलांनी झालं. चौथ्या शतकात ख्रिस्ती साधक मोठ्या संख्येनं वाळवंटात जाऊ लागले. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध अँटनी. एका पडक्या किल्ल्यात ते सुमारे वीस वर्षं एकटे राहिले. पुस्तकांवाचून तुमचं कसं भागतं, असं एका विद्वानानं विचारलं तेव्हा, ही सृष्टी हेच माझं पुस्तक, या अर्थाचं उत्तर त्यांनी दिल्याचं इव्हॅग्रियस या पुढच्या पिढीतल्या साधकानं नोंदवलं आहे. पण एकांतवासाचे आदर्श मानले गेलेले हे अँटनी दुसऱ्या एका गोष्टीत वेगळेच दिसतात.

इजिप्तमधल्याच नाइट्रिया इथे अमून या साधकाभोवती इतर साधकांची गर्दी फार झाली. काहींना आणखी निवांत जागा हवी होती. किती दूर जावं, असं अमून यांनी अँटनींना विचारलं. अँटनी म्हणाले, दुपारचं जेवण करू आणि चालायला लागू. दोघं सूर्य मावळेपर्यंत चालले. जिथे अंधार पडला तिथे प्रार्थना करून क्रूस रोवला आणि नवी वस्ती तिथेच ठरली. कारण? इकडच्या माणसानं दुपारी चार घास खाऊन निघावं आणि तिकडच्या मित्राकडे त्याच दिवशी पोहोचावं. कथेत हे अंतर १२ मैल सांगितलं आहे. एकांताची हद्द मित्राच्या पायांच्या ताकदीवरून आखली गेली.

ही वस्ती म्हणजे केलिया, ‘कुटी’ या अर्थाचं नाव. कुट्या अशा अंतरावर होत्या की एकाला दुसरा दिसू नये, त्याचा आवाज ऐकू येऊ नये. आठवडाभर असं राहायचं आणि शनिवार-रविवारी सगळ्यांनी एकत्र यायचं. एखादा आला नाही तर तो आजारी असणार हे इतरांना कळे. मग ते त्याच्याकडे जात, पण सगळे एकदम नाही, वेगवेगळ्या वेळी. जाताना ज्याच्याजवळ जे उपयोगाचं असेल ते नेत. आजाऱ्याच्या कुटीत गर्दी होऊ नये इथवर विचार केलेला आहे.

युरोपात हीच मांडणी पुढे भिंतींच्या आत गेली. १०८४ मध्ये ब्रूनो सहा सोबत्यांसह फ्रेंच आल्प्समध्ये शार्त्रूझच्या डोंगरात गेले. त्यांच्या कार्थुसियन पंथात प्रत्येकाला स्वतःचं छोटं घर आणि स्वतःची बाग असते, दिवस मौनात जातो. पण आठवड्यातून एकदा सगळे मिळून रानात लांब फिरायला जातात आणि त्या चालण्यात मनमोकळं बोलतात. हा पंथ आजही चालू आहे.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी संन्यास न घेता हेच करून दाखवलं. त्यांचे संस्थापक जॉर्ज फॉक्स. देव दगडी देवळात राहत नाही, असं ते म्हणत आणि डोंगरमाथ्यावर, माळावर लोकांना भेटत. १६५२ मध्ये फर्बँक फेल या टेकडीवर एका खडकाजवळ त्यांचं बोलणं ऐकायला सुमारे हजार माणसं जमली होती. त्या भागातले काही लोक आधीपासूनच एकत्र मौन बसत असत. पुढे क्वेकर उपासना तशीच स्थिरावली : पुरोहित नाही, सगळे गप्प, कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर उभं राहून तेवढं सांगायचं, शेवटी शेजाऱ्याशी हात मिळवायचा. स्वतःला ते ‘मित्र’ म्हणवतात. बायका-मुलं, व्यवसाय, शेती सांभाळणाऱ्या माणसालाही मौनाची सोबत मिळू शकते हे त्यांनी रुजवलं, आणि आजच्या झाडाखालच्या बैठका कळत-नकळत त्यांच्याच जास्त जवळच्या आहेत. त्याच शतकात देहूजवळच्या डोंगरावर एकांतात बसणारे तुकोबा खाली आले की कीर्तनात उभे राहत. मराठी वाचकाला याहून जास्त सांगायची गरज नाही.

एकटेपणाचा आधुनिक आदर्श म्हणून हेन्री डेव्हिड थोरो यांचं नाव सतत घेतलं जातं. ४ जुलै १८४५ रोजी ते अमेरिकेतल्या कॉनकॉर्ड गावाजवळ वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेले आणि दोन वर्षं दोन महिने तिथे राहिले. झोपडी दहा फूट बाय पंधरा फूट. त्यात तीन खुर्च्या होत्या : एक एकांतासाठी, दोन मैत्रीसाठी, तीन चारचौघांसाठी. गाव चालत जाण्याइतकं जवळ होतं आणि ते वारंवार जात. यावरून त्यांच्यावर दांभिकपणाचा आरोप होतो, तो मला पटत नाही. केलियाचं गणित ज्यानं पाहिलं आहे त्याला ते अंतर ओळखीचं वाटेल.

आपल्याकडे १८६३ मध्ये देवेंद्रनाथ ठाकुरांनी बंगालमधल्या ओसाड माळावर, सप्तपर्णीच्या दोन झाडांपाशी ध्यानासाठी जागा घेतली. तिथल्या घराचं नाव शांतिनिकेतन. १९०१ मध्ये रवींद्रनाथांनी तिथेच शाळा काढली, आणि एका माणसाच्या ध्यानाच्या जागी मुलं झाडांखाली वर्गाला बसू लागली. दक्षिणेत १८९६ मध्ये सोळा वर्षांचे रमण महर्षी तमिळनाडूतल्या अरुणाचल डोंगरापाशी आले. डोंगराच्या गुहांत त्यांनी कित्येक वर्षं काढली, बराच काळ जवळजवळ न बोलता. लोक येत, समोर बसत आणि पुष्कळ जण काही न विचारताच उठून जात.

या वाटेवर एक काळी जागाही आहे, ती वगळली तर नोंद खोटी ठरेल. १९०१ मध्ये बर्लिनजवळच्या श्टेग्लित्समध्ये ‘वांडरफोगेल’ ही तरुणांची चळवळ सुरू झाली. रानातून चालायचं, गाणी म्हणायची, मिळेल तिथे झोपायचं. शहराच्या रेट्यातून सुटू पाहणारी ती साधी, मनापासूनची माणसं होती. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर अशा स्वतंत्र संघटना मोडण्यात आल्या आणि तीच भटकंती, तीच शेकोटी, तीच समूहगीतं ‘हिटलर युथ’ या नाझींच्या युवक संघटनेनं वापरली. झाडांमधली सोबत आपोआप पवित्र होत नाही. ‘काही चुकलं असेल तर सांगा’ असं विचारायची जागा गटात उरली आहे का, हे त्या शेकोट्यांभोवती कुणी विचारू शकत नव्हतं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विषय दवाखान्यात आणि सरकारी खात्यात पोहोचला. जपानच्या वनखात्यानं १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, हा शब्द रूढ केला. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या विटांची भिंत. झाडं पाहणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधं कमी लागली. स्टीफन आणि रेचल कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी कारण सुचवलं : हलती पानं, वाहतं पाणी आपलं लक्ष हळुवार धरून ठेवतात, ओढून घेत नाहीत, त्यामुळे थकलेलं लक्ष विसावतं.

यात मला माझ्या अनुभवाची एक भर घालावीशी वाटते. बंद खोलीत दहा माणसं गप्प बसली की प्रत्येकाला इतर नऊ जणांचं भान टोचतं. कोण खोकलं, कोण माझ्याकडे पाहतंय. झाडाखाली सगळ्यांना मिळून बघायला काहीतरी असतं. ऊन सरकतं तसं माणसं न सांगता थोडी थोडी सावलीकडे सरकतात, शेजारच्याला जागा करून देतात.

आमच्या बैठकीत गुडघे दुखणाऱ्या एक आजी येतात. वेळ संपते तेव्हा मौन अजून सुटलेलं नसतं, आणि जमिनीवरून उठताना त्या हात किंचित वर करतात, एवढंच. पहिल्या काही दिवसांत कुणाच्या लक्षात आलं नाही. आता जो जवळ असेल तो उठतो, दुसऱ्या बाजूनं आणखी कुणीतरी येतं, आणि दोघं मिळून त्यांना उभं करतात. चपला घालून झाल्या की मग बोलणं सुरू होतं.