मोड स्विच आणि कॉन्टेक्स्ट स्विच: गल्लत नेमकी कुठे होते

‘सिस्टिम कॉल महाग असतो, कारण त्यात कॉन्टेक्स्ट स्विच होतो.’ हे वाक्य मुलाखतींत आणि कोड रिव्ह्यूमध्ये सर्रास ऐकू येतं. त्याचा पूर्वार्ध थोडाफार खरा आहे, उत्तरार्ध चूक. सिस्टिम कॉल म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, केलेली मागणी. त्यात होतो तो मोड स्विच, म्हणजे सीपीयूने प्रोग्रामच्या यूजर मोडमधून कर्नल मोडमध्ये किंवा उलट जाणं. कॉन्टेक्स्ट स्विच हे वेगळंच प्रकरण आहे: त्यात सीपीयू एक टास्क (चालू असलेली प्रोसेस किंवा तिचा थ्रेड, म्हणजे तिच्यातला कामाचा एक धागा) सोडून दुसरा हाती घेतो. टास्क बदलणं जलद व्हावं म्हणून कर्नलमध्ये इतकी वर्षं जी खटपट झाली, तिचा रोख या फरकाशिवाय कळत नाही.

समजा, एका प्रोग्रामला फाइलमधले काही बाइट वाचायचे आहेत. इंटेल किंवा एएमडीच्या ६४-बिट प्रोसेसरवर ‘सिसकॉल’ ही सूचना चालते. प्रोसेसर परतीचा पत्ता आरसीएक्स या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणीच्या जागेत) ठेवतो, फ्लॅग म्हणजे स्थितीदर्शक बिट आर११ मध्ये ठेवतो, अधिकाराची पातळी ३ (यूजर मोड) वरून ० (कर्नल मोड) वर आणतो आणि कर्नलच्या ठरलेल्या पत्त्यावर उडी मारतो. स्टॅक, म्हणजे कामाचा तात्पुरता डेटा ठेवायची मेमरी, तीसुद्धा तो बदलत नाही, ते कर्नलला स्वतः करावं लागतं. हवा तो डेटा आधीच पेज कॅशमध्ये, म्हणजे फाइलींच्या मेमरीतल्या प्रतींत, असेल, तर कर्नल तो प्रोग्रामच्या बफरमध्ये उतरवतो आणि परत फिरतो. आत जाताना एक आणि बाहेर येताना एक, असे दोन मोड स्विच झाले. कॉन्टेक्स्ट स्विच मात्र एकही नाही, कारण प्रोसेस तीच राहिली.

डेटा डिस्कवरून आणायचा असेल तर गोष्ट बदलते. प्रोसेसला थांबणं भाग असतं. कर्नल तिला झोपवतो, शेड्युलर, म्हणजे सीपीयू कुणाला द्यायचा हे ठरवणारा कर्नलचा भाग, दुसरा टास्क निवडतो आणि सीपीयू त्याच्या हवाली होतो. हा कॉन्टेक्स्ट स्विच. तो कर्नलच्या आतच घडतो, म्हणून मोड स्विच त्याच्या आगेमागे दिसतो. पण दोन कर्नल थ्रेडमध्ये, म्हणजे फक्त कर्नलच्या आत चालणाऱ्या टास्कमध्ये, अदलाबदल होते तेव्हा यूजर मोडचा संबंधच येत नाही. तिथे कॉन्टेक्स्ट स्विच होतो आणि मोड स्विच होत नाही.

मग गल्लत का होते? माझ्या मते दोष ‘रजिस्टर जपून ठेवणं’ या खुणेचा आहे. दोन्हींत काहीतरी जपून ठेवलं जातं, म्हणून दोन्ही एकच वाटतात. प्रत्यक्षात प्रोग्रामची यूजर मोडमधली रजिस्टर कर्नलमध्ये शिरतानाच स्टॅकवर ठेवलेली असतात. पुढे कॉन्टेक्स्ट स्विच झालाच, तर त्या टप्प्यावर ६४-बिट लिनक्स फक्त सहा साधी रजिस्टर स्टॅकवर ढकलतो, स्टॅक पॉइंटर बदलतो आणि नव्या टास्कची सहा काढून घेतो. बाकीची कॉलिंग कन्व्हेन्शनच्या (फंक्शनला बोलावताना कोणती रजिस्टर कुणी जपायची याच्या) नियमानुसार कंपायलरने आधीच सांभाळलेली असतात. हा भाग मोजक्या सूचनांत आटोपतो.

इंटेलने ८०३८६ मध्ये हे सगळं हार्डवेअरकडेच दिलं होतं. एका उडीत टास्कची स्थिती साठवणारा १०४ बाइटचा टीएसएस हा ढाचा भरला जायचा आणि दुसऱ्या टास्कचा वाचला जायचा. सुरुवातीच्या लिनक्सने ही सोय वापरली, पुढे सोडून दिली. सॉफ्टवेअरला हवं तेवढंच जपता येतं, हार्डवेअर मात्र सरसकट सगळं करत बसतं. वर अशा ढाच्यांचे पत्ते नोंदवणाऱ्या जीडीटी या तक्त्यात एकूण ८१९२ जागा आणि प्रत्येक प्रोसेसला त्यातल्या दोन लागायच्या, म्हणून २.२ कर्नलपर्यंत प्रोसेसची संख्या ४०९० च्या आसपास अडायची. ६४-बिट मोडमध्ये तर ही हार्डवेअर अदलाबदल काढूनच टाकली आहे. हार्डवेअरने केलं म्हणजे वेगवानच, हा समज असा मोडीत निघतो.

खरा खर्च आहे तो मेमरीचा. प्रोसेस बदलली की सीआर३ रजिस्टरमध्ये नव्या पेज टेबलांचा, म्हणजे प्रोग्रामचे पत्ते खऱ्या मेमरीतल्या पत्त्यांशी जोडणाऱ्या तक्त्यांचा, पत्ता भरावा लागतो. जुन्या प्रोसेसरवर तेवढ्याने टीएलबीमधल्या (पत्त्यांची अलीकडची भाषांतरं हाताशी ठेवणाऱ्या साठ्यातल्या) बहुतेक नोंदी पुसल्या जायच्या आणि नव्या टास्कला पत्त्यांची भाषांतरं पुन्हा पहिल्यापासून गोळा करावी लागायची. यावर पीसीआयडी हा उपाय आला. टीएलबीच्या प्रत्येक नोंदीवर १२ बिटांचा शिक्का असतो, त्यामुळे कुणाची नोंद कोणती हे कळतं आणि सगळं पुसायची गरज राहत नाही. लिनक्सने तो २०१७ मध्ये, ४.१४ पासून वापरायला घेतला. एकाच प्रोसेसमधल्या दोन थ्रेडमध्ये बदल होतो तेव्हा सीआर३ ला हातही लावावा लागत नाही. कर्नल थ्रेडला स्वतःचा यूजर अॅड्रेस स्पेस (पत्त्यांचा संच) नसतो, म्हणून तो आधीच्या टास्कचाच उसना घेऊन काम भागवतो. प्रोसेसरमधल्या कॅशचं (जलद मेमरीचं) मात्र काही करता येत नाही. नव्या टास्कचा डेटा तिथे नसतो, आणि तो येईपर्यंतचा तोटा स्विचच्या कोडमध्ये मोजलाच जात नाही.

दोन्हींमधली सीमा २०१८ मध्ये थोडी पुसट झाली. मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीपासून बचाव म्हणून कर्नलची पेज टेबलं यूजर मोडपासून वेगळी केली गेली. परिणामी, ही त्रुटी असलेल्या प्रोसेसरवर साध्या सिस्टिम कॉललाही आत जाताना आणि बाहेर येताना सीआर३ बदलावं लागू लागलं. मोड स्विच महाग झाला, पण म्हणून तो कॉन्टेक्स्ट स्विच झाला नाही. पीसीआयडी इथेही कामाला आला, नाहीतर दर फेरीला टीएलबी धुऊन निघाला असता.

दोन्हींवरचे इलाजही वेगळे आहेत. मोड स्विच कमी करायचे तर कर्नलमध्ये जाणंच टाळायचं. व्हीडीएसओमुळे (कर्नलने प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीत ठेवलेल्या छोट्या कोडमुळे) वेळ विचारणारा कॉल बहुतेकदा यूजर मोडमध्येच उरकतो. फ्युटेक्स या सोयीमुळे भांडण नसलेलं कुलूप (एका वेळी एकाच थ्रेडला डेटा वापरू देणारं ‘लॉक’) कर्नलला न विचारता लागतं आणि निघतं. २०१९ मध्ये ५.१ बरोबर आलेलं आयओ-युरिंग अनेक मागण्या एकाच फेरीत पाठवू देतं. कॉन्टेक्स्ट स्विच कमी करायचे तर थ्रेडची संख्या आवरायची, एका टास्कला शक्यतो एकाच कोअरवर ठेवायचं आणि कुलपांवर ताटकळणं कमी करायचं. कॉन्टेक्स्ट स्विचच्या दुखण्यावर सिस्टिम कॉल एकत्र बांधण्याचं औषध दिलं, तर गुण येईलच असं नाही.

मोजताना हाच घोळ होतो. लिनक्सवरचं एस-ट्रेस हे साधन सिस्टिम कॉल मोजतं. व्हीएमस्टॅट या दुसऱ्या साधनातला ‘सीएस’ हा रकाना कॉन्टेक्स्ट स्विच दाखवतो. या दोन आकड्यांत प्रचंड तफावत असू शकते, आणि ती चूक नव्हे. त्याहून उपयोगी आकडे प्रॉक-एफएसमधल्या (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फाइल सिस्टिममधल्या) प्रत्येक प्रोसेसच्या ‘स्टेटस’ फाइलमध्ये सापडतात. तिथे स्वेच्छेने झालेले आणि लादलेले कॉन्टेक्स्ट स्विच वेगवेगळे लिहिलेले असतात. स्वेच्छेचे वाढत असतील तर प्रोसेस डिस्क, नेटवर्क किंवा कुलपाची वाट पाहतेय. लादलेले वाढत असतील तर तिला अजून चालायचंय, पण शेड्युलर तिच्याकडून सीपीयू काढून घेतोय.