पन्नास तास वाजू द्या, मग बघा!

"मामा, लगेच नावं ठेवू नका. दुकानदार म्हणला, पन्नास तास वाजू द्या, मग आवाज खुलतोय."

भाच्याने नवी पेठेतून आणलेला हेडफोन मी कानाला लावला होता. डग्ग्यावर थाप पडतेय की पुठ्ठ्यावर टिचकी, कळेना. पुढचे दहा दिवस त्याने तो रात्रभर चादरीत गुंडाळून वाजत ठेवला. मग एका रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा माझ्या डोक्यावर चढवला. डग्गा चक्क घुमला!

शौकीन मंडळी याला 'बर्न-इन' म्हणतात. ही निव्वळ थाप नाही, तिचं मूळ मोठ्या स्पीकरमध्ये आहे. वूफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरच्या, शंकूसारख्या पडद्यामागे वळ्या पाडलेल्या कापडाची एक गोल चकती असते, तिचं नाव स्पायडर. व्हॉइस कॉइलला, म्हणजे पडदा हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला, मधोमध धरून ठेवणं हे तिचं काम. हे कापड रेझिनमध्ये बुडवून, तापवून ताठ केलेलं असतं. सोलापूरकराला हे वेगळं समजावायला नको. नवं कापड खळीमुळे कसं कडक लागतं आणि धुतलं की मऊ पडतं, तसंच. वूफर जोरात हलला की स्पायडरचा ताठपणा थोडा मोडतो आणि वूफरची नैसर्गिक कंपनसंख्या जराशी उतरते. हे मोजता येतं. मात्र यातला मोठा भाग सुरुवातीच्या काही मिनिटांतच उरकतो.

आता हेडफोन. घरातला एक निकामी हेडफोन मी उघडला. आत साधारण ४० मिलिमीटरची पारदर्शक प्लास्टिकची चकती, केसाहून पातळ, कडेला बारीक तिरप्या चुण्या. तिला चिकटवलेली तांब्याच्या तारेची कॉइल आणि मागे चुंबक. बहुतेक हेडफोनांत एवढंच असतं. स्पायडर नाही, कापड नाही, मग खळ जाणार कशाची? हा पडदा हलतो तोही मिलिमीटरच्या काही अंशाने. वापराने प्लास्टिक किंचित सैल होत असेलही, पण तो फरक इतका बारीक की हेडफोन काढून पुन्हा घातला तर त्याहून मोठा फरक पडतो. कप कानावर थोडा सरकला तरी वरच्या पट्टीतला आवाज काही डेसिबलने खाली-वर होतो.

आणखी एक गोष्ट मला खटकते. वापराने आवाज बदलतो म्हणावं तर तो दरवेळी सुधारतोच कसा? निम्म्या लोकांचे हेडफोन बिघडायला नकोत का? शिवाय रोज तासभर ऐकणाऱ्याचे पन्नास तास म्हणजे पन्नास दिवस. परत करायची मुदत तोवर केव्हाच उलटलेली असते.

मग डग्गा घुमला कसा? उत्तर टेबलावर पडलं होतं : माझा चष्मा. पहिल्या दिवशी तो डोळ्यांवर होता, त्या रात्री नव्हता. बंद कपाच्या हेडफोनमध्ये बेस टिकतो तो कप आणि कान यांच्यामध्ये कोंडलेल्या हवेवर. चष्म्याच्या दांडीने पॅड जरासं उचललं की फटीतून दाब निसटतो आणि खर्ज पातळ होतो, वरच्या सुरांना त्याचं फारसं काही नसतं. दोन्ही कप तळहाताने दाबून बघा, बेस लगेच चढेल.

खरं म्हातारपण येतं ते या पॅडना. आतला फोम चेपतो, पडदा कानाजवळ येतो, आवाजाचा तोल बदलतो. वरचं नकली चामडं घाम, दमटपणा आणि उष्णतेने सोलवटतं. मे महिन्यात ४२-४३ अंश सोसणाऱ्या गावात घामाला तोटा नाही. इअरफोनचं दुखणं वेगळं, तिथे जाळीत कानातला मळ बसतो. माझ्या इअरफोनची डावी बाजू 'गेली' होती. जाळी खाली धरून कोरड्या टूथब्रशने झटकली, परत आली.

उरला कान. नव्या आवाजाला मेंदू काही दिवसांत सरावतो. मात्र बारीकसारीक फरक त्याच्या आठवणीत फार वेळ टिकत नाहीत, त्यामुळे दहा दिवसांपूर्वीच्या आवाजाशी तुलना करणं म्हणजे बरंचसं मनाचे खेळ. आणि कान रोज सारखाही नसतो. आमच्या गल्लीतला एक जण अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर आहे. कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादा ९० डेसिबलची, लूमचा खडखडाट अनेकदा त्याच्या पुढे जातो. रात्रपाळी करून आला की त्याला स्वतःचा इअरफोन बसल्यासारखा वाटतो, म्हणून तो आवाज वाढवतो. दुपारी झोपून उठला की तोच इअरफोन ठणठणीत. थकलेला कान असा सावरतो खरा, पण वर्षानुवर्षं हेच चाललं तर आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत.

त्याला म्हटलं, कामावर फोमचे इअरप्लग घाल. तो हसला. "लूम बिघडलं तर आवाजावरनं कळतंय. कानात बोळे घातले तर कसं कळायचं?"