‘झालेच पाहिजे’ मधला ‘च’: विद्यार्थी आणि समुपदेशन

‘समुपदेशन’ हा शब्द मराठीत चांगला रुळला आहे, पण त्याच्या पोटात ‘उपदेश’ असल्यामुळे त्याने थोडे नुकसानही केले आहे. घरी वडिलांचा, वर्गात सरांचा आणि सुटीत मामा-काकांचा उपदेश ऐकत मोठ्या झालेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयात ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी दिसली, की आत आणखी एक उपदेश करणारा माणूस बसला असणार असे वाटते, आणि तो पुढे निघून जातो. वास्तविक त्या खोलीत जे घडायला हवे ते उपदेशाच्या अगदी उलट असते.

समजा, लातूरजवळच्या एका गावातून बारावीला उत्तम गुण मिळवून एक मुलगा पुण्यात अभियांत्रिकीला आला आहे. गावात तो वर्गात पहिला येत असे. इथे मात्र शेजारच्या बाकावरचा प्रत्येक जण आपापल्या गावात पहिलाच येत होता. शिकवणे इंग्रजीत आहे, शंका विचारायची तर वाक्य आधी मनात जुळवावे लागते. पहिल्याच सत्रात गणितात केटी लागते, म्हणजे तो विषय राहतो. वडिलांनी कर्ज काढून फी भरली आहे, त्यामुळे घरी सांगण्याची सोय नाही. मग सकाळचे तास बुडू लागतात, मेसमध्ये जाणे टळू लागते, आणि रात्री तीनपर्यंत तो मोबाइल घेऊन अंथरुणात जागा असतो. पाहणाऱ्यांना हा आळस वाटतो.

शरीरात मात्र वेगळेच चाललेले असते. धोक्याची जाणीव झाली, की मेंदूतील हायपोथॅलॅमस, त्याखालची पीयूष ग्रंथी आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी या साखळीतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात येते. थोड्या वेळापुरते ते उपयोगी असते. पण त्याची पातळी चढलेली असताना आधी साठवलेली माहिती आठवणे अवघड जाते, आणि गणित सोडवताना आकडे क्षणभर मनात धरून ठेवणारी जी मर्यादित स्मृती असते, तिच्यातली बरीच जागा काळजी अडवून बसते. त्यामुळे ‘अभ्यास केला होता, पण पेपर हातात आल्यावर काहीच आठवेना’ असे म्हणणारा विद्यार्थी अनेकदा खरेच बोलत असतो. भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण परिपक्व व्हायला वयाची साधारण पंचविशी गाठावी लागते, हेही इथे ध्यानात घेतले पाहिजे. आयुष्यात कधीतरी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आजारांची सुरुवात चोविसाव्या वर्षापर्यंत झालेली असते, असे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी सर्वेक्षणात आढळले होते. पदवीची वर्षे नेमकी याच काळात येतात.

आता हा मुलगा समुपदेशकासमोर बसला आहे असे धरू. महाराष्ट्रात मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्यासारख्यांमुळे परिचित झालेली एक रीत म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास ती मांडली. घटना आणि तिच्यामुळे होणारा त्रास यांच्यामध्ये आपली एक धारणा उभी असते, आणि त्रासाची तीव्रता बरीचशी त्या धारणेवर ठरते, हा तिचा गाभा. समुपदेशक वहीचे एक पान घेऊन तीन रकाने आखतात. पहिल्यात घटना: गणितात नापास झालो. तिसऱ्यात परिणाम: झोप नाही, छातीत धडधड, घरचा फोन उचलवत नाही. मधला रकाना भरायला वेळ लागतो, कारण तिथले वाक्य इतके सवयीचे असते की ते ऐकूच येत नाही. बऱ्याच प्रश्नांनंतर ते कागदावर उतरते: ‘मी पहिल्याच प्रयत्नात पास झालेच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी आहे.’ त्यातला ‘च’ मराठीने आपल्याला आयताच दाखवून दिला आहे. ‘पास व्हावे अशी माझी तीव्र इच्छा आहे’ या वाक्यातही निराशा मावते, दुःख मावते. पण एका विषयातील अपयशावरून सबंध माणसाला नालायक ठरवण्याची सोय त्यात राहत नाही. हे वाक्य समुपदेशकाने सांगून भागत नाही. ते विद्यार्थ्यानेच तपासत तपासत गाठावे लागते, आणि म्हणूनच या कामाला एक बैठक पुरत नाही.

नुसते बोलून काय होणार, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी 2007 मध्ये दाखवले, की समोरच्या चित्रातील भावनेला शब्दात नाव दिले, की मेंदूतील भीतीशी निगडित अमिग्डला या भागाची हालचाल मंदावते. माझ्या मते हे नाव आपल्या भाषेत देता येणे फार मोलाचे आहे. जीव घाबरा होणे, घुसमट आणि उबग यांतला फरक परक्या भाषेत चाचपडत सांगावा लागला, तर अर्धे दुःख तिथेच अडकते.

मदतीची गरज किती आहे, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालावरून दिसते. त्या वर्षी देशात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक नोंद महाराष्ट्राची होती. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमणे बंधनकारक आहे. कागदावरची ही नेमणूक विद्यार्थ्यापर्यंत पोहोचेल की नाही, हे मात्र साध्या गोष्टींवर ठरते. कक्षाचे दार प्राचार्यांच्या कार्यालयासमोर उघडत असेल, आत जाणारा सगळ्यांना दिसत असेल किंवा तिथे बोललेले शिक्षकांच्या खोलीत पोहोचत असेल, तर तिथे कोणी पाऊल ठेवणार नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. जीविताला धोका असण्यासारखे मोजकेच अपवाद त्याला आहेत, आणि ते अपवाद पहिल्याच भेटीत विद्यार्थ्याला स्पष्ट सांगायला हवेत.

समुपदेशक औषधे लिहून देत नाहीत. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप-भुकेतील बिघाड आणि कशातच रस न वाटणे टिकून राहिले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. नैराश्यावरील औषधांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून ती सोडू नयेत.

कक्ष संध्याकाळी बंद होतो. खरी अडचण वसतिगृहात रात्री येते, आणि तेव्हा शेजारी असतो तो खोलीतला सोबती. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात नव्याने शिरत नाही, हे संशोधनातून पुरेसे स्पष्ट झाले आहे; उलट कोणीतरी विचारले म्हणून माणूस बोलता होतो. उत्तर ‘हो’ आले, तर त्याला एकटे सोडू नये, वसतिगृहाच्या अधीक्षकांना उठवावे आणि टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन लावावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास विनामूल्य चालते, आणि तिथे मराठीतून बोलता येते. सकाळी कक्ष उघडेल तेव्हा सोबत्याने दारापर्यंत बरोबर जावे, आणि तास बुडाला तरी बाहेरच्या बाकावर थांबून राहावे.