डिस्क कमी दिसते? आधी आकडा वाचा

सोलापुरात नवी पेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत हा प्रश्न कायम ऐकू येतो. ‘ओ मालक, खोक्यावर एक टीबी लिवलंय आन् हितं ९३१ दाखवतंय. ६९ जीबी कुटं गेलं?’ दुकानदार घाईत असला की ‘विंडोज खाते तेवढं’ म्हणून मोकळा होतो. हे उत्तर चूक आहे. विंडोज नसलेली कोरी करकरीत डिस्क जोडली, तरी ९३१च दिसतात.

यंत्रमागाच्या गावात हे सुतावरून चटकन कळावं. सूत किती बारीक ते काउंट म्हणजे नंबर सांगतो. इंग्रजी काउंटमध्ये एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात ते मोजतात. मेट्रिक काउंटमध्ये एका किलोत हजार मीटरच्या किती बसतात ते. म्हणून इंग्रजी मापात वीस नंबरचं सूत मेट्रिकमध्ये जवळजवळ ३४ नंबरचं होतं. धागा तोच. डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४च्या पटीत. एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. त्याला १०२४ × १०२४ × १०२४, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ने भागलं की ९३१ येतात. ५०० जीबीचे ४६५ आणि २ टीबीचे १८६३ होतात, ते याच हिशोबाने. (२ टीबीची डिस्क विंडोज १.८१ टीबी म्हणून दाखवते, तेव्हा धक्का जरा मोठा बसतो.) किलोबाइटपाशी तफावत २.४ टक्के असते, टेराबाइटपर्यंत ती दहा टक्क्यांच्या घरात जाते. डिस्क जितकी मोठी, तितकी तक्रार मोठी.

या घोळावर तोडगा म्हणून १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १०२४च्या पटींना ‘गिबीबाइट’सारखी वेगळी नावं दिली. विंडोजने ती घेतली नाहीत. मोजते गिबी, लिहिते जीबी. अ‍ॅपलने २००९ पासून मॅकवर हजाराचीच पट धरली, त्यामुळे तीच डिस्क मॅकला लावली की पूर्ण एक टीबी दिसते. माझ्या मते यात डिस्कवाल्यांपेक्षा विंडोजचा दोष जास्त.

तेव्हा ९३१ दिसले तर डिस्क ठणठणीत आहे. तक्रार खरी असते ती याहून कमी दिसलं तर. आणि तिथेही किती दिसतंय हा आकडाच बहुतेक वेळा कारण सांगून टाकतो.

३ टीबीची डिस्क घेतली आणि २०४८ जीबीवर अडकली, असं समजू. डिस्कच्या भागांची नोंद ठेवण्याच्या, १९८३ पासून चालत आलेल्या एमबीआर नावाच्या पद्धतीत डिस्कवरच्या प्रत्येक कप्प्याचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात. एवढ्यात सुमारे ४२९ कोटी कप्पे मोजता येतात. प्रत्येकी ५१२ बाइट धरले की बरोबर २०४८ जीबी. त्यापुढची जागा डिस्कवर आहे, पण तिला पत्ताच नाही. उपाय म्हणजे जीपीटी ही नोंदीची नवी पद्धत. मात्र विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून बदल करायचा तर आधी सगळी पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, पुसावी लागतात, म्हणून बॅकअप आधी.

याच ३ टीबीच्या डिस्कवर कधी फक्त ७४६ जीबी दिसतात. बहुतेकांना हा आकडा कुठून आला ते उमगत नाही. विंडोजच्या मापात डिस्क २७९४ जीबीची. त्यातून २०४८ वजा करा. डिस्क ज्या जुन्या यूएसबी केसमध्ये बसवली आहे तिचा मोजणारा २०४८ला पोचून पुन्हा शून्यावर येतो आणि उरलेलं तेवढं सांगतो. केस बदलली की डिस्क पूर्ण दिसते. एखाद्या पेढीत बिलांसाठी जपून ठेवलेल्या जुन्या विंडोज एक्सपीच्या मशीनवर मोठी डिस्क १२८ जीबीच्या आसपास अडकते, तिथे हाच प्रकार २८ बिटांचा. एक्सपीला सर्व्हिस पॅक १ नंतरच त्यापुढचं मोजता येऊ लागलं.

रोजच्या व्यवहारात मात्र कारण बहुधा साधं असतं. जुनी २५६ जीबीची डिस्क भरली, इंजिनिअरने तिची हुबेहूब नक्कल नव्या एक टीबीच्या डिस्कवर उतरवली, आणि पार्टिशनही जुन्याच मापाचं उतरलं. आकडा जुन्या डिस्कएवढाच दिसतो, तिथेच ओळखावं. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. काळ्या पट्टीखाली ‘अनअलोकेटेड’ अशी जागा पडून असेल. शेजारच्या पार्टिशनवर राइट क्लिक करून ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ निवडलं की झालं. तो पर्याय मंद दिसत असेल, तर मध्ये एखादं रिकव्हरी पार्टिशन आडवं आलेलं असतं. विंडोजला फक्त लगतची उजवीकडची जागा जोडता येते. मग पार्टिशन सरकवणारं वेगळं सॉफ्टवेअर लागतं आणि पुन्हा, आधी बॅकअप.

खराब सेक्टरांमुळे (सेक्टर म्हणजे वर आलेले कप्पेच) आकडा घटतो, हाही एक पक्का गैरसमज. कंपनी डिस्कवर राखीव सेक्टर ठेवते. खराब झालेल्याच्या जागी त्यातला एक उभा राहतो, म्हणून दिसणारी क्षमता तशीच राहते. खराबी बघायची तर डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती ‘स्मार्ट’ नोंद तपासावी लागते.

काहीशे रुपयांत मिळणाऱ्या ‘२ टीबी’च्या पेन ड्राइव्हची गोष्ट उलटी. तिथे आकडा पूर्ण दिसतो आणि जागाच नसते. आतल्या कंट्रोलरला, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपला, खोटं बोलायला शिकवलेलं असतं. खऱ्या क्षमतेपलीकडे उतरवलेलं लग्नाचं शूटिंग कॉपी झाल्यासारखं दिसतं, उघडत मात्र नाही. अशा ड्राइव्हवर एच२टेस्टडब्ल्यूसारख्या मोफत प्रोग्रामने काठोकाठ लिहून, परत वाचून बघावं.

कालपर्यंत नीट चालणारी डिस्क आज एकदम शून्य किंवा काही एमबी दाखवू लागली, तर गणित करत बसू नका. डिस्कला स्वतःची आतली माहितीच वाचता येत नसल्याची ती खूण असू शकते. विंडोज ‘इनिशियलाइज करू का’ विचारेल, तिथे कॅन्सल दाबा. आतलं काही मोलाचं असेल तर फॉरमॅट नको, पुन्हापुन्हा चालू-बंदही नको. वायर काढून थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.